गाठीच्या उपचारानंतर सांधे का आखडतात? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बायका नेहमी विचारतात ते प्रश्न

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवत होते. डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेक दिले, आणि मग पाच वर्षं रोज रात्री लेट्रोझोलची एक गोळी. ती सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मला खडू धरता येईना. तपासणीला गेले की बाकावर शेजारी बसलेल्या बायका हेच सांगायच्या, फक्त खडूच्या जागी कुणाची भाकरी असायची, कुणाची विडी, कुणाचा विळा. मी डॉक्टर नाही. पण इतक्या वर्षांत डॉक्टरांना, फिजिओथेरपीच्या बाईंना विचारून आणि वाचून जे पक्कं कळलं, तेवढंच इथे लिहिते आहे.

“बाई, गाठ तर काढली, आता रोग नाही म्हणतात. मग सगळे सांधे का धरलेत?”

बहुतेक वेळा कारण त्या रोजच्या गोळीत असतं. स्तनाच्या बऱ्याचशा कर्करोगांच्या पेशी इस्ट्रोजेन या बायकी संप्रेरकावर पोसतात. पाळी गेल्यावर अंडाशय ते बनवत नाहीत, पण शरीर थांबत नाही. मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून आलेल्या कच्च्या मालापासून चरबी आणि स्नायू थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहतात. हे काम करणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव अ‍ॅरोमाटेझ. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तीन गोळ्या त्यालाच अडवतात. मग अंगातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही जवळजवळ संपतं.

रोगाला उपाशी मारण्यासाठी ते हवंच. पण त्याच इस्ट्रोजेनवर आपले सांधे, स्नायूबंध आणि हाडंही अवलंबून असतात. ते एकदम गेलं की बोटांच्या स्नायूबंधांभोवतीची आवरणं जाड होतात, त्यांत पाणी धरतं, सांधे कडक होतात. या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना कमीअधिक प्रमाणात हे होतं. तेव्हा ‘माझ्याच नशिबी’ असं मनात आणू नका.

ज्यांची पाळी केमोमुळे चाळिशीतच गेली किंवा इंजेक्शनने थांबवली, त्यांना हे जास्त जाणवतं, कारण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

“माझ्या कागदावर कुठली गोळी आहे ते मला वाचता येत नाही.”

पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, खाली बारीक अक्षरात औषधाचं. औषध दुकानदाराला ते बारीक अक्षरातलं नाव मराठीत वहीवर लिहून द्यायला सांगा. वरच्या तिघींपैकी एक असेल तर हे सगळं पान तुमच्यासाठी आहे. टॅमॉक्सिफेन असेल तर ती वेगळ्या प्रकारे काम करते. तिने सांधे कमी धरतात, पण पायात रक्ताची गुठळी होण्याचा थोडा धोका असतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

“सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, दहापर्यंत हात सुटतो. हा संधिवातच ना?”

आपल्याकडे सांध्याचं काहीही झालं की ‘वात’ म्हणतात. त्या एका शब्दात तीन-चार वेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

गोळीचं दुखणं साधारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होतं. दोन्ही बाजूंना सारखं असतं, हातांची बोटं, मनगटं, गुडघे, घोटे, तळपाय. झोपून किंवा बराच वेळ बसून उठलं की अंग लाकडासारखं होतं आणि चार पावलं टाकली, कामाला लागलं की सैल पडतं. सांधा दुखतो, पण सहसा टम्म सुजत नाही.

आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड म्हणतात तो, वेगळा. त्यात बोटांच्या मुळाशी आणि मनगटाला डोळ्यांना दिसेल अशी सूज येते, सांधा गरम लागतो, सकाळचा कडकपणा तासाहून जास्त टिकतो. त्यासाठी आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या असतात. गोळीच्या दुखण्यात त्या बहुधा ठीक येतात. वयाने झिजलेला गुडघा आणखी वेगळा. तो चालल्यावर, जिना चढल्यावर वाढतो आणि बसलं की थांबतो.

थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व यांचीही एकदा तपासणी करून घ्या. दोन्ही कमी पडली तरी अंग असंच ठणकतं, आणि त्यांचा उपाय सोपा आहे.

“मला चिकुनगुनिया झाला होता. तेच परत उठलं असेल का?”

२००६ साली आपल्या भागात चिकुनगुनियाची जी साथ आली ती कुणी विसरलेलं नाही. गावंच्या गावं भिंतीला धरून चालत होती. त्या आजाराचं सांधेदुखणं महिनोन् महिने, कुणाकुणाचं वर्षानुवर्षं राहतं हे खरं आहे. पण त्याची सुरुवात कडक तापाने होते. ताप नसताना, नवी गोळी लागल्यावर दोन महिन्यांनी सांधे धरले असतील तर आधी गोळीकडे बघा. पूर्वी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यांना ते माहीत असायला हवं.

“माझी केमो अजून चालू आहे. सलाइन घेतल्यावर तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं.”

औषध पॅक्लिटॅक्सेल असेल तर हे ओळखीचं आहे. एक ते तीन दिवसांत मांड्या, पोटऱ्या, सांधे दुखू लागतात आणि आठवड्याच्या आत उतरतात. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर किंवा दंडात दिलं असेल तर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, तेही दोन-चार दिवसच. मात्र केमोत ताप आला तर तो अंगदुखीतला समजून घरी काढू नका. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा वर गेला की लगेच फोन करायचा आणि निघायचं. पायाची बोटं बधिर वाटत असतील, चप्पल कधी निसटली तेच कळत नसेल, तर तो नसांवरचा परिणाम आहे. पुढचं सलाइन लावण्याआधी सांगा, नंतर नको.

“बोट वाकलं की अडकतं, मग खट्‌कन सुटतं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते.”

अडकणाऱ्या बोटाला खटका म्हणतात. तळव्यातल्या बारीक बोगद्यातून जाणारा स्नायूबंध जाड झाला की तो अडतो. रात्रीच्या मुंग्या मनगटात दबलेल्या नसेमुळे येतात. अंगठा आणि शेजारच्या दोन-अडीच बोटांत जास्त. दोन्ही गोष्टी या गोळ्यांवर जास्त दिसतात.

निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका आणि वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतल्या कांड्या भरणाऱ्या बायका यांना हे जास्त छळतं असं मी बाकावर पाहिलं आहे. दिवसभर तीच दोन बोटं, तोच पीळ. अशा कामात दर अर्ध्या तासाला हात सोडून दहा वेळा बोटं पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा. मुंग्यांना याने खूपदा चांगला उतार पडतो. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याचा मांसल भाग बसत चालला असेल किंवा हातातून वस्तू पडत असतील तर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

“दुखणं सोसवत नाही. गोळी बंद केली तर काय होईल?”

हा प्रश्न बहुतेकजणी विचारतच नाहीत. त्या गोळी बंद करतात आणि डॉक्टरांपुढे ‘घेते की’ म्हणतात. मीही दीड महिना असं केलं आहे. त्याआधी मी एकदा तपासणीत दुखण्याचं सांगितलं होतं, तेव्हा ‘पन्नाशी उलटली, सांधे दुखायचेच’ एवढंच ऐकायला मिळालं. मग परत तोंड उघडलंच नाही. पाकिटं कपाटात साठत गेली. मुलीने एक दिवस मोजली तेव्हा कळलं.

पुढच्या वेळी तीच मला सोबत घेऊन गेली आणि दुसऱ्या डॉक्टरांपुढे ती पाकिटं ठेवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘आधी का नाही सांगितलं? यावर पाच उपाय आहेत.’

ही गोळी साधारण पाच वर्षं, काहींना सात ते दहा वर्षं देतात. ती रोग परतू नये म्हणून असते. मध्येच सोडली तर परतण्याचा धोका वाढतो आणि तो आपल्याला आतून कळत नाही. म्हणून मनाने बंद करू नका. पण ‘घ्यायचीच आहे, तर सोसायचंच’ हेही खरं नाही. डॉक्टर स्वतः काही आठवडे गोळी थांबवून बघतात. दुखणं उतरलं तर कारण तेच होतं हे कळतं. मग तिघींपैकी दुसरी गोळी सुरू करतात. एकीने छळलं म्हणून दुसरीही छळेलच असं नाही, माझे गुडघे दुसऱ्या गोळीवर निम्म्याने सुटले, नंतर मात्र डॉक्टरांनी मला पुन्हा लेट्रोझोलवर आणलं आणि तेव्हा ती सोसली. तिन्ही सोसल्या नाहीत तर टॅमॉक्सिफेन हा मार्ग उरतो.

कपाटात पाकिटं साठली असतील तर तीच पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. तुमच्यावर कुणी ओरडलं तरी चालेल, पण त्यांना खरं कळू द्या.

“दुखतंय म्हणजे औषध लागू पडतंय, असं म्हणतात. खरं का?”

या समजावर विसंबू नका. ज्यांचं काही दुखत नाही त्यांनाही गोळी उपयोगी पडते.

“व्यायाम करा म्हणतात. दिवसभर शेतात राबते, आणखी कसला व्यायाम?”

हा प्रश्न मला एका ऊसतोडीच्या घरातल्या अक्कांनी विचारला आणि मी निरुत्तर झाले होते. नंतर फिजिओथेरपीच्या बाईंनी समजावलं. भांगलण, रोप लावणी, विड्या, भांडी ही कामं वाकून, उकिडवं बसून, तेच तेच स्नायू ताणून होतात. सांध्यांवर भार पडतो, पण सांध्याला सावरणारे मांडीचे, खांद्याचे स्नायू बळकट होत नाहीत. व्यायामात उलटं करायचं असतं. पाठ सरळ ठेवून, श्वास थोडा वाढेल असं चालायचं आणि मोठ्या स्नायूंना हळूहळू वजनाची सवय लावायची.

व्यायामाचा उपयोग अभ्यासातही दिसला आहे. अमेरिकेत या गोळ्यांनी सांधे धरलेल्या १२१ बायकांवर वर्षभर अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनाचा व्यायाम केला, त्यांचं सर्वांत जास्त असणारं दुखणं साधारण तीस टक्क्यांनी उतरलं. दुसऱ्या गटाचं जवळपास तसंच राहिलं.

दीडशे मिनिटं म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं. पहिले पंधरा दिवस दहाच मिनिटं चाला. पायात जाड तळ असलेले बूट घाला, सपाट स्लीपर नको. खानापूरच्या पावसात चार महिने बाहेर पडणं होत नाही, तेव्हा मी सोप्यात, पडवीत फेऱ्या मारायचे. वजनासाठी जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला तळवे टेकून रेटणं, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर नेणं एवढ्याने सुरुवात होते. ऑपरेशन झालेल्या बाजूला हात सुजलेला असेल तर त्या हाताचं वजन फिजिओथेरपिस्टला विचारूनच वाढवा. खांदा आखडला असेल तर भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम रोज करा. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा न हलवल्यानेच गोठतो.

सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच दहा मिनिटं घोटे फिरवा, गुडघे दुमडा, मुठी उघडा-मिटा. मग कोमट पाण्यात हात बुडवा. मी भाकऱ्या थापायच्या आधी पीठ मळायला कोमट पाणी घ्यायचे, बोटं त्यातच सुटायची.

पहिले दोन-तीन आठवडे व्यायामाने थोडं जास्त दुखेल. तिथेच बहुतेकजणी सोडतात.

“दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर?”

पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात बहुतेकांना चालतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या गोळ्या चार-आठ दिवस ठीक, पण महिनोन् महिने घेतल्या तर पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात. साखर किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नकोतच.

ड्युलॉक्सेटिन नावाचं औषध मनाच्या उदासीसाठी वापरतात, पण या सांधेदुखीवरही त्याचा उपयोग होतो असं २०१८ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. ‘मला वेडाची गोळी दिली’ म्हणून ती फेकून देऊ नका. मात्र टॅमॉक्सिफेन घेत असाल तर आधी सांगा, कारण उदासीवरची काही औषधं, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा असर कमी करतात. अ‍ॅक्युपंक्चरनेही काहींना बरं वाटल्याचं अभ्यासात दिसलं आहे. करून घेणार असाल तर सूज असलेल्या हाताला सुई नको.

“बाजारात एक जण पुडी देतो. तीन दिवसांत गुडघे मोकळे होतात म्हणे.”

इतक्या लवकर मोकळे होतात तेव्हा त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते. खरोखर बरं वाटतं, म्हणूनच ती जास्त फसवी आहे. पुडी सुरू राहते, तोंड सुजतं, साखर चढते आणि आधीच ठिसूळ झालेली हाडं आणखी पोकळ होतात. नाव, घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसलेलं काहीही पोटात घेऊ नका. वरून तेल चोळायला, शेकायला हरकत नाही. फक्त किरणं दिलेल्या कातडीवर आणि सुजलेल्या हातावर गरम शेक नको.

आयुर्वेदिक औषध घेणार असाल तर वैद्यांना कर्करोगाचं सांगा आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना त्या औषधाचं. शतावरीसारख्या वनस्पतींत इस्ट्रोजेनशी मिळते घटक असतात, त्या आपणहून सुरू करू नका.

“आंबट, वांगं, बटाटा बंद करू का?”

गोळीमुळे आलेल्या सांधेदुखीत यांचा संबंध नाही. आमटीत चिंच घाला. जेवणातला सोयाबीन चालतो, त्याच्या अर्काच्या गोळ्या नकोत. वजन वाढलं असेल तर पाच किलो उतरलं तरी गुडघ्यांना कळतं.

हाडांसाठी मात्र काळजी घ्यायलाच हवी, कारण याच गोळ्या हाडंही विरळ करतात आणि ते दुखत नाही, एकदम मोडल्यावरच कळतं. गोळी सुरू होताना आणि मग वर्षा-दोन वर्षांनी डेक्सा ही हाडांच्या घनतेची तपासणी करायची. टी स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झालीत. दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. आपल्या डोंगरपट्ट्यात आंबील आणि नाचणीची भाकरी घरोघर होती, ती परत सुरू करा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतल्याने विषबाधा झालेल्या बाईला मी ओळखते. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाइन देणार असतील तर त्याआधी दात दाखवून घ्या. पहिल्या सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, ती जाते.

“दुखणं परत गाठीचं आहे की काय, ही भीती जात नाही.”

माझीही जात नव्हती. दोन्ही हातांना, दोन्ही गुडघ्यांना सारखं दुखणारं, हलल्यावर सैल पडणारं दुखणं गोळीचं असण्याची शक्यता जास्त. पण पुढचं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. एकाच ठिकाणचं हाड दुखतंय, आठवड्यागणिक वाढतंय, रात्री झोपेतून उठवतंय. पाठ दुखतेय आणि पाय लुळे पडतायत किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेलाय, हे तर तासांचं काम आहे. साधं अडखळून हाड मोडलं. वजन उतरतंय, धाप लागतेय, नवी डोकेदुखी थांबत नाही. अशा वेळी बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, जे जवळ असेल ते गाठा.

“डॉक्टर कन्नड बोलतात, मला नीट सांगता येत नाही.”

सीमाभागातल्या बाईची ही अडचण कुणी मोजत नाही. आमचं दुखणं ‘आखडणं’, ‘ठणकणं’, ‘धरणं’, ‘मुंग्या’ या शब्दांत असतं आणि समोरच्या कागदावर एकच ओळ उतरते. सांधेदुखीला कन्नडमध्ये कीलु नोवु म्हणतात, गुडघेदुखीला मंडी नोवु. एवढ्याने बोलणं सुरू होतं. त्याहून उपयोगी म्हणजे वही. पंधरा दिवस रोज लिहा, उठल्यावर किती मिनिटं अंग कडक होतं, दहापैकी किती दुखलं, काय करता आलं नाही. ‘भाकरी थापता आली नाही’, ‘ब्लाउजचा हूक लागला नाही’ असं लिहा. आकडे आणि अडलेली कामं कुठल्याही भाषेतल्या डॉक्टरला कळतात. बहुतेक नर्स दोन्ही भाषा बोलतात, त्यांना विनंती करा.

“एवढ्या फेऱ्यांचा खर्च कसा झेपणार?”

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसने राज्यातल्या राज्यात तिकीट नाही. त्यामुळे बेळगावचं सरकारी जिल्हा रुग्णालय किंवा हुबळीची कर्करोग संस्था गाठायला बसभाडं पडत नाही. कोल्हापूर-मिरजेला जाताना मात्र ही सवलत धरू नका. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्या. लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. आयुष्मान कार्ड असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनबरोबर गोळ्यांबद्दलही वेगळं विचारा. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. महाराष्ट्रातल्या दवाखान्यात दाखल होण्याआधी कागदपत्रं कोणती लागतील हे तिथल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

“घरात म्हणतात, आता बरी झालीस, मग काम का होत नाही?”

त्यांना एकदा तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आपण सांगून जे महिनोन् महिने पटत नाही, ते दोन मिनिटांत पटतं. माझ्या घरी विहिरीचं पाणी शेंदणं त्या दिवसापासून मुलाकडे गेलं.

“गोळ्या संपल्यावर हे जातं का?”

बहुतेकींचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरतं. माझे तळपाय महिन्याभरात सुटले, गुडघे तिसऱ्या महिन्यात. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा खटका राहिला, त्याला तळव्यात एक इंजेक्शन घ्यावं लागलं. चालणं मी सोडलेलं नाही. रोज संध्याकाळी मलप्रभेच्या पुलापर्यंत जाऊन येते, आणि वाटेत अजून गोळी चालू असलेल्या दोघी बरोबर असतात.